लोखंडी हत्तीचा नंबर

इंग्लंडमधली ती कंपनी बंद पडून कितीतरी वर्षं झाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिच्या कारखान्यातून वाफेची इंजिनं आणि बॉयलर निघायचे, बोटीत चढायचे आणि जगभर जायचे. त्यांतले काही आमच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर-गडचिरोली भागातही आले. कोळसा खाणीत आले, भाताच्या गिरण्यांत आले, सागवान कापायला जंगलात गेले. त्यांतलं आज काय शिल्लक आहे ते शोधायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग.

मी बॉयलर अटेंडंट होतो. पहिली नोकरी मूल गावच्या एका भातगिरणीत लागली, तेव्हा तिथल्या बॉयलरच्या भट्टीच्या दारावर त्या कंपनीचं नाव ओतीव अक्षरांत उमटलेलं होतं. भट्टीत कोंडा टाकायला वाकलो की ते नाव डोळ्यांसमोर यायचं. पुढे मोठ्या कारखान्यात गेलो, नवे बॉयलर हाताळले, पण ती अक्षरं डोक्यातून गेली नाहीत. निवृत्त झाल्यावर मुलीने मोबाइलवर शोधून दिलं की इंग्लंडमधले एक म्हातारे गृहस्थ या कंपनीच्या उरलेल्या इंजिनांची यादी ठेवतात. मी शब्दकोश उघडून त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, आणि तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला.

दर तीन महिन्यांनी त्यांची सुधारलेली यादी ईमेलने येई. प्रत्येक नोंदीखाली ती ज्याने शोधली त्याचं नाव. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सगळ्या नोंदींखाली माझंच नाव होतं. मूलचा बॉयलर होता, एका खाणीच्या फाटकाशी चौथऱ्यावर उभं केलेलं छोटं रेल्वे इंजिन होतं, आणखी दोन-चार तुकडे होते. गडचिरोलीतून मात्र काहीच नव्हतं. आणि तिथेच माझी खरी नड होती. त्या गृहस्थांकडे कंपनीचं जुनं वहीखातं होतं. त्यात लिहिलेलं होतं की चाकांवर बसवलेलं एक इंजिन गोदावरीच्या काठी, सिरोंच्याच्या बाजूच्या जंगलात लाकूड कापायला पाठवलं होतं. ते परत गेल्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणजे ते तिथेच कुठेतरी असणार.

पाच वर्षं मी ते शोधलं. आलापल्लीला गेलो, सिरोंच्याला दोनदा गेलो, नदीकाठची गावं पालथी घातली. जो दिसेल त्याला विचारायचो, इथे कुठे जुनं इंजिन आहे का. लोक विचार करून सांगायचे, नाही. एकाने मला त्याच्या शेतातल्या पाण्याच्या डिझेल इंजिनापाशी नेलं.

मग मी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख लिहिला. त्या कंपनीचं इंजिन कसं ओळखायचं ते लिहिलं, खाली माझा फोन नंबर आणि इंग्लंडच्या गृहस्थांचा ईमेलही दिला. कुणाला असं काही दिसलं तर कळवा, असं आवाहन केलं. त्याला वर्ष उलटून गेलं.

मार्च महिन्यात एका दुपारी मोबाइलवर अनोळखी नंबरावरून तीन फोटो आले. मोहाच्या झाडाखाली अर्धं मातीत रुतलेलं, गंजून लाल झालेलं धूड. आडवा बॉयलर, त्याच्या पाठीवर सिलिंडर, पुढच्या टोकाला मोठं चाक. खाली लिहिलं होतं, "भाऊ, हे तुमच्याच कंपनीचं आहे का? मले तर तसंच वाटून राह्यलं."

लिहिणाऱ्या बाई सिरोंचा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या, पण बारा वर्षं त्याच भागात नोकरी केलेल्या. माझा लेख कापून त्यांनी शाळेच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता, असं त्यांनी पुढे लिहिलं होतं.

मला भट्टीच्या दाराचा आकार पाहताक्षणी ओळखू आला. तसं दार दुसरी कुठलीच कंपनी करत नसे. मी पाच वर्षं जे शोधत होतो ते माझ्या तळहातावर होतं, आणि ते मी शोधलेलं नव्हतं. मी फोन पालथा ठेवला.

बायकोने चहा आणून ठेवला. माझ्याकडे बघून तिने विचारलं की कुणाची वाईट बातमी आली का. मी म्हटलं, नाही, कुणीतरी भंगाराचे फोटो पाठवलेत.

मी फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा त्या बाईंना दिसत असणार. तरी मी चार दिवस उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी लिहिलं, फोटो साफ नाहीत, अशी इंजिनं पुष्कळ कंपन्या बनवायच्या, काही सांगता येत नाही. हे लिहिताना तेच फोटो मी बोटांनी मोठे करून त्यातला एकेक बोल्ट बघत होतो.

बाईंनी 'बरं, भाऊ' एवढंच लिहिलं. आणि मग त्यांनी लेखातला ईमेल काढून ते फोटो थेट इंग्लंडला पाठवले. आठवडाभराने त्या गृहस्थांचं मला पत्र आलं. तुमच्या भागात एका शिक्षिकेने फार मोठा शोध लावला आहे, तुम्हालाही आनंद झाला असेल, असं त्यांनी लिहिलं होतं. वहीतलं हरवलेलं इंजिन हेच असावं, पण नंबराची पितळी पाटी गेलेली दिसते, तर तुमच्यासारख्या जाणकाराने जाऊन लोखंडात ठोकलेला नंबर शोधावा. वहीतल्या नंबराशी तो जुळल्याशिवाय त्यांना ते यादीत घालता येत नव्हतं.

जाणकार म्हणून मला बोलावलं होतं, आणि तरी ते पत्र वाचून मी जळत राहिलो. बायकोने डबा बांधून दिला. मी चंद्रपूरहून निघालो, आलापल्लीला गाडी बदलली आणि खड्ड्यांतून हेलकावे खात, पाठ मोडून घेऊन संध्याकाळी पोचलो.

बाई स्कूटीवर घ्यायला आल्या होत्या. वय चाळिशीच्या आसपास, बोलणं मोकळं. त्यांच्या खोलीत जेवायला भात आणि अंबाडीची भाजी होती. जेवण झाल्यावर त्यांनी एक वही माझ्यासमोर ठेवली. तिच्यात इंजिनाची चार बाजूंनी पेन्सिलने काढलेली चित्रं होती, शिवणकामाच्या टेपने घेतलेली मापं होती. बॉयलरची लांबी, घेर, भट्टीच्या तोंडाची रुंदी, रिव्हेटमधलं अंतर. मी इतकी वर्षं इंजिनं बघत आलो, पण एकाचंही असं चित्र काढलं नव्हतं. मी पानं उलटली आणि एका मापातली चूक दाखवली. चूक होतीच, पण ती मी ज्या आवाजात दाखवली तो आवाज मला आजही आवडत नाही.

ते कसं सापडलं, हेही त्यांनी त्या वेळी सांगितलं. मोहफुलांच्या दिवसांत शाळेत मुली येईनाशा झाल्या, म्हणून त्या घरोघर विचारायला गेल्या. एकीची आई तेलुगूत म्हणाली की पहाटेच आम्ही सगळ्या 'इनुप एनुगु'पाशी फुलं वेचायला जातो. म्हणजे लोखंडी हत्तीपाशी. बाईंना तेलुगू चांगलं येत होतं. हत्ती लोखंडी कसा, म्हणून त्या बघायला गेल्या आणि तिथे गेल्यावर त्यांना कपाटावरचा लेख आठवला.

त्या गावात मी तीन वर्षांपूर्वी येऊन गेलो होतो. पारावर बसलेल्या माणसांना विचारलं होतं, इथे इंजिन आहे का. ते चालताना पाहिलेलं कुणी आता हयातच नव्हतं. गावाच्या लेखी तो हत्ती होता. मला तेलुगूतला हत्ती माहीत नव्हता आणि मुलींच्या आयांशी बोलायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. हे सगळं मला कळत होतं, पण त्यामुळे जळफळाट कमी झाला नाही, वाढला.

सकाळी आम्ही पायी निघालो. गावातले एक म्हातारे भाऊ वाट दाखवायला सोबत होते. मोहाखालची जमीन बायकांनी पाचोळा जाळून काळी स्वच्छ केली होती आणि तिच्यावर पिवळट फुलं पडलेली होती. बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. मधोमध ते उभं होतं. पुढची चाकं आखापर्यंत मातीत गेलेली, धुराडं नाहीसं झालेलं, भट्टीत मोहफुलांचा थर. फोटोत दिसत होतं त्यापेक्षा ते खूप मोठं होतं.

म्हातारे भाऊ तेलुगूत सांगू लागले आणि बाई मला मराठीत सांगू लागल्या. त्यांचा आजा या इंजिनाला नदीवरून पाणी आणून घालायचा. बैलांच्या कितीतरी जोड्या लावून ते इथवर ओढलं होतं. आरा चालू झाला की पलीकडच्या तीरावर आवाज जायचा. मग एके दिवशी गोरा साहेब गेला आणि इंजिन राहिलं. बाई प्रत्येक वाक्य वहीत उतरवत होत्या. मला त्या वेळी ते ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही लिहून घ्या, मी पुढून बघतो.

पाटी गेली तरी नंबर कुठे असतो ते मला ठाऊक होतं. ही कंपनी क्रँकच्या, म्हणजे मोठं चाक फिरवणाऱ्या, दांड्याच्या टोकावर नंबर ठोकायची. लेखात मी ते लिहिलं नव्हतं. ती माझ्यापाशी राखून ठेवलेली गोष्ट होती. मोठ्या चाकाच्या आड मी गुडघ्यांवर बसलो, चाकूने गंज खरवडला, चिंधीवर रॉकेल घेऊन पुसलं. आकडे वर आले. मी मागे वळून पाहिलं. बाई म्हाताऱ्या भाऊंकडे तोंड करून लिहीत होत्या. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशन मी पुढे ढकलत होतो. आकडे घाईघाईने वाचून मी ते खिशातल्या बसच्या तिकिटावर लिहिले. मग मूठभर ओली माती घेतली आणि दांड्याच्या टोकावर थापली.

पाठीमागे पावलं वाजली.

"नंबर भेटला का, भाऊ?"

"नाई, बाई. गंजानं खाऊन टाकला."

त्यांचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या की एवढ्या लांबून तुम्ही आलात, तुमचीच फेरी वाया गेली याचं वाईट वाटतं. परत जाताना त्यांनी मला मोहफुलांची पुडी दिली, घरी भाजून खायला. बसमध्ये ती पुडी मांडीवर होती आणि वास येत होता. मी खिडकी उघडली.

घरी आल्यावर मी इंग्लंडला पत्र लिहिलं. बारकाईने पाहणी केल्यावर मला नंबर मिळाला आहे, असं लिहून तो कळवला. बाईंचा उल्लेख एका ओळीत केला, स्थानिक मदत म्हणून.

चार दिवसांनी उत्तर आलं. ते फार सभ्य पत्र होतं. या नंबरचं इंजिन बिनचाकाचं होतं आणि ते दक्षिण अमेरिकेत गेल्याचं वहीत स्पष्ट आहे, तेव्हा वाचण्यात काही चूक झाली असेल का, असं त्यांनी विचारलं होतं. आणि तुम्ही दोघं मिळून पुन्हा बघाल, म्हणून हे पत्र त्यांनी आम्हा दोघांनाही पाठवलं होतं. खाली माझं मूळ पत्र जसंच्या तसं जोडलेलं होतं.

म्हणजे बाईंनी ते वाचलं होतं. मी खुर्चीत बसून राहिलो. बायकोने दोनदा विचारल्यावर मी तिला पहिल्या फोटोपासून सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "त्या बाईले फोन करा." मी म्हटलं, उद्या करतो. तो उद्या दोन दिवस पुढे गेला.

तिसऱ्या दिवशी बाईंचाच फोन आला. मी उचलला. त्यांनी नमस्कार केला, तब्येत विचारली आणि मग विचारलं, "भाऊ, नंबर कोण्या जागी होता?"

मी सांगितलं. क्रँकच्या दांड्याचं टोक, मोठ्या चाकाच्या आतल्या बाजूला, वर माती थापलेली आहे. ती माती मीच थापली, हेही सांगितलं. त्या 'बरं' म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की चाकूने खरवडू नका, आकड्यांच्या कडा मरतात. रॉकेलने भिजवून ठेवा, वर पातळ कागद धरा आणि कोळसा घासा. फोन ठेवतील असं वाटत असताना त्यांनी विचारलं.

"तुमी मले तवाच काऊन नाई सांगितलं?"

माझ्याकडे दोन-तीन सबबी तयार होत्या. मोतीबिंदू होता, खात्री नव्हती, आधी पडताळून बघायचं होतं. त्यातली एक जिभेवर आली होती.

"जळलो मी, बाई," मी म्हटलं. "पाच वर्सं मी त्याले शोधून राह्यलो होतो. अन् तुमाले भेटलं."

त्या म्हणाल्या, "मले वाटलं होतं का तुमी खूश व्हाल. म्हणून तं पयले फोटो तुमालेच पाठवले होते."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते कळलं नाही. रविवारी जाऊन बघते, एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी संध्याकाळी कागदाचा फोटो आला, त्या गृहस्थांना आणि मला एकदमच. काळ्या कोळशात पांढरे आकडे स्वच्छ उमटले होते. शेवटचा आकडा मी इंग्रजी तीन वाचला होता. तो आठ होता. त्याची डावी बाजू गंजाने भरली होती आणि माझ्या डोळ्याने अन् घाईने मिळून ती खाऊन टाकली होती. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडहून कळलं की नंबर वहीशी तंतोतंत जुळतो. चाकांवरचं इंजिन, लाकूड कापण्यासाठी, गोदावरीकाठ.

त्या गृहस्थांनी मला वेगळं विचारलं की नोंदीखाली दोघांची नावं घालू का. नंबर कुठे असतो हे तर तुम्हीच सांगितल्याचं बाईंनी कळवलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. पाहिलं तर ते खरंही होतं. मी उत्तरात 'दोघांची' असं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. जेवण करून आलो, पुन्हा वाचलं, आणि मग फक्त बाईंचं नाव लिहून पत्र पाठवून दिलं. मोठेपणा केल्यासारखं मुळीच वाटलं नाही. हातातलं काहीतरी काढून द्यावं लागलं तसं वाटलं.

यादी आली. गडचिरोलीची पहिली नोंद, आणि तिच्याखाली त्यांचं नाव. म्हाताऱ्या भाऊंनी आजाबद्दल सांगितलेलं सगळं त्यांनी इंग्रजीत करून पाठवलं होतं, तेही पानभर छापलेलं. माझ्या नोंदी दोन-दोन ओळींच्या आहेत. मूलच्या गिरणीत माझ्याआधी भट्टीवर कोण होतं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दिवाळीच्या सुटीत बाई कुठल्याशा प्रशिक्षणासाठी चंद्रपूरला आल्या, तेव्हा बायकोने त्यांना आग्रहाने जेवायला बोलावलं. त्या आल्या. माझ्याशी आदराने बोलल्या, पण पहिल्या दिवसासारखं मोकळं नाही. मी त्यांना खाणीच्या फाटकावरचं रेल्वे इंजिन दाखवायला नेलं. दरवर्षी रंग चढवून चढवून त्याचे कोपरे गोल झाले आहेत. त्या त्याच्याभोवती दोनदा फिरल्या आणि धुराड्याच्या बुडाशी थांबल्या. तिथे बोल्टांच्या भोकांच्या दोन रांगा होत्या, एक बुजवलेली. हे धुराडं नंतर बदललेलं दिसतं, त्या म्हणाल्या. त्या इंजिनाकडे मी कितीतरी वर्षं येत होतो. ती भोकं मी पाहिली नव्हती.

"बाई, पुन्हा जळलो मी," मी म्हटलं.

त्या हसल्या. "मंग लिहून ठेवा," म्हणाल्या आणि मला वहीचं पान धरायला देऊन माप घ्यायला लागल्या.

त्यानंतर त्यांनी अजून दोन बॉयलर शोधले. एक प्राणहितेच्या काठी निघाला, दुसरा माझ्याच जिल्ह्यात, कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात. दोन्ही मला यादीतूनच कळले. फोटो आता त्या आधी मला पाठवत नाहीत, थेट इंग्लंडला पाठवतात. तसं करायचं त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यामागचं कारण मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी कधी विचारत नाही. काही अडलं तर मात्र फोन करतात, आणि मला येतं ते सगळं मी सांगतो.

यादी आली की मी आधी त्यांचं नाव शोधतो. गेल्या खेपेच्या यादीत त्यांची एकही नवीन नोंद नव्हती. मला बरं वाटलं. खोटं का बोलू, चांगलंच बरं वाटलं. चहा होईपर्यंत ते टिकलं. मग वाटलं, असं व्हायला नको, बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. मी फोन लावला. त्यांना ताप आला होता, पंधरा दिवस त्या अंथरुणाला होत्या, आता बऱ्या होत्या. शाळेतल्या मुलींच्या आयांनी आळीपाळीने पेज करून आणली म्हणाल्या. मी विचारलं, सिरोंच्याला डॉक्टरकडे जाऊन आलात का. जाऊन आल्या होत्या. मग आम्ही बराच वेळ बोललो, औषधाबद्दल, शाळेबद्दल, यंदा मोह कमी फुलला त्याबद्दल. इंजिनाचा विषय निघाला नाही.